उत्तरसूचीतला आठ आणि भाकरीचे सात तुकडे : शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक)
व सराव चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका काढणारी समिती

विषय : ‘१, २, ४, ?’ या प्रश्नाबाबत, आणि त्यावरून एका शिक्षकाकडे मागितलेल्या खुलाशाबाबत.

महोदय,

हे पत्र मी आधी तुमच्या कार्यालयात आवक-जावकला दिलं होतं. पोच मिळाली, शिक्काही ठसठशीत उमटला होता. उत्तर आलं नाही. म्हणून आता उघड लिहितो आहे. जिल्ह्याचं, तालुक्याचं, गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. ज्या गुरुजींसाठी हे लिहितो त्यांच्यामागे आणखी एक चौकशी लागू नये. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेलच, आणि ज्यांची पोरं अशाच प्रश्नपत्रिका सोडवतात त्या पालकांनाही.

मी शेतकरी. साडेचार एकर कोरडवाहू; पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, तूर आणि घरापुरती ज्वारी. डी.एड.सुद्धा झालेलं आहे. गणिताची पाठ टाचण वही अजून पेटीत आहे, नोकरी मात्र लागली नाही. (भरतीचा विषय काढत नाही. काढला तर हे पत्र पोळ्यापर्यंत संपायचं नाही.) शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि पाचवीतल्या एका मुलीचा बाप आहे. आमची शाळा द्विशिक्षकी. एक गुरुजी, एक मॅडम, पाच वर्ग. पाचवीत अकरा मुलं.

घडलं ते असं. सप्टेंबरात तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तुमची सराव चाचणी झाली, शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीसाठी. अडतिसावा प्रश्न होता :

१, २, ४, ?
(१) ६   (२) ७   (३) ८   (४) ९

उत्तरसूचीत ८. अकरापैकी चौघांनी ७ लिहिलं. गुरुजींनी चौघांना उभं केलं आणि एवढंच विचारलं, "काऊन सात?" म्हणजे सात का? तिघांनी सांगितलं : एकात एक मिळवला, दोन झाले, दोनात दोन मिळवले, चार झाले, आता तीन मिळवायचे. चौथा म्हणाला, "असंच." गुरुजींनी तिघांना प्रत्येकी दोन गुण दिले, चौथ्याला दिले नाहीत. मग आठवाल्यांनाही विचारलं. बहुतेकांनी दुप्पट सांगितलं. एकानं खरं काय ते सांगून टाकलं, की बाजूच्याचं पाहून लिहिलं. त्याचे दोन गुण उत्तरसूचीप्रमाणे कायम राहिले.

तीन पोरं, सहा गुण. एवढाच मामला. पडताळणीत तो सापडला आणि गुरुजींना पत्र आलं : ‘उत्तरसूचीबाह्य गुणदान करून निकाल वाढवल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ त्याच आठवड्यात सगळ्या शाळांना परिपत्रक गेलं. संख्यामालिका आणि आकृतिमालिका यांत उत्तरसूचीतलं एकच उत्तर ग्राह्य धरावं. आकृतिबंध या घटकावर कृती-उपक्रमांत वेळ न घालवता सोबतच्या क्लृप्ती पुस्तिकेतून सराव घ्यावा. रोजचा शेवटचा तास त्यासाठीच राखावा.

तिघांपैकी एक माझी मुलगी. खुलाशाची गोष्ट गावात पसरली त्या रात्री ती जेवायला बसली ती घुश्शातच. ताटात भाकर वाढलेली. तिनं विळी घेतली नाही, चाकू मागितला. भाकरीवर आरपार एक काप दिला : दोन तुकडे. दुसरा पहिल्याला छेदून : चार. माझी आई समोर बसली होती. "काऊन वं, कुत्र्याले टाकाची हाये का भाकर?" पोरगी बोलली नाही. तिसरा काप देताना मात्र थांबली, चाकू थोडा बाजूला सरकवला. मधल्या फुलीतून काप गेला तर सहाच तुकडे होतात. फुली चुकवून, पण आधीचे दोन्ही काप ओलांडून गेला तर सात होतात, आणि मधे एक छोटा तिकोनी तुकडा उरतो. "मोज आजी." आईनं बोट लावून मोजले. सात. "मंग सातच तं हाये," आई म्हणाली, "साहेबाले काय तरास हाये?"

हाच प्रश्न मी जरा अदबीनं विचारतो आहे.

मुलीच्या डोक्यात हे आभाळातून पडलेलं नाही. ऑगस्टमध्ये गुरुजींनी कागदाच्या गोलावर हे कापकाम करून घेतलं होतं. एकही काप नाही तेव्हा एक तुकडा, मग दोन, चार, सात, अकरा. नवा काप आधीच्या जितक्या कापांना ओलांडतो त्याहून एक जास्त तुकडा वाढवतो, एवढं मुलांना हातानं कळलं होतं. तुमचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांना तो गोल आठवला. ज्यांना पहिल्यांदा दुप्पट दिसली त्यांचं आठ. दोघंही बरोबर आहेत. चुकला असेल तर प्रश्न चुकला आहे.

माझी पहिली तक्रार तिथंच आहे. तीन पदं देऊन चौथं विचारायचं आणि त्याचं एकच उत्तर धरायचं, हे म्हणजे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पिकाची तीन तासं, म्हणजे ओळी, पाहायची आणि चौथ्यात काय पेरलं ते सांगायचं. तीन तासं पऱ्हाटीची दिसली म्हणून चौथंही पऱ्हाटीचंच असेल असं थोडंच आहे? तिथं तूर असेल. पेरणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला विचारावं लागतं. तुमच्या प्रश्नात पेरणाऱ्यानं काहीच सांगितलेलं नाही. दुप्पट करत जा, असं कुठं लिहिलेलं नाही. १, २, ४, पुन्हा १, २, ४ अशी फिरती मालिका असती तर पुढचं पद १ आलं असतं. तेही चालतं.

तुम्ही म्हणाल, तीन पदं कमी पडली तर पाच देऊ. द्या. पण मग हे करून पाहा. एक बांगडी कागदावर ठेवून गोल काढा. गोलावर एक ठिपका द्या, आतला भाग एकच. दोन ठिपके, एक रेघ : दोन भाग. तीन ठिपके एकमेकांना जोडा : चार. चार ठिपके, सगळे सगळ्यांना जोडा : आठ. पाच ठिपके : सोळा. आता सहा. क्लृप्ती पुस्तिका म्हणेल बत्तीस. मी हे लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात काढलं, तीस आले. वाटलं मोजण्यात चुकलो. दुसऱ्यांदा तीसच. मग लक्षात आलं की मी सहा ठिपके अगदी सारख्या अंतरावर दिले होते, त्यामुळे मधल्या तीन रेघा एकाच बिंदूतून जात होत्या. एक ठिपका थोडा सरकवला तेव्हा एकतीस झाले. बत्तीस कधीच होत नाहीत. १, २, ४, ८, १६ आणि मग ३१. गणितज्ञांना ही मालिका चांगली ठाऊक आहे, आणि ती वर्गात दाखवण्याचं कारणही हेच की घाईनं नियम बांधू नये.

इंटरनेटवर संख्यामालिकांचा एक कोश आहे. नील स्लोअन नावाच्या गणितज्ञानं १९६४ मध्ये मालिका जमवायला सुरुवात केली, १९९६ पासून तो कोश सगळ्यांना खुला आहे आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. कार्यालयातल्या संगणकावर तो उघडा, १, २, ४ टाका. आठवाल्या निघतील, सातवाल्या निघतील, आणि ज्यांची नावं आपण दोघांनी ऐकली नाहीत अशा ढिगाने निघतील.

एवढ्या लांबही जायला नको. आपल्या राज्याच्या वरच्या वर्गाच्या शिष्यवृत्ती परीक्षेत वीस टक्क्यांपर्यंत प्रश्न असे असतात की त्यांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि मुलांना दोन्ही नोंदवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं असू शकतात हे परीक्षा परिषदेला मान्य आहे. तालुक्याच्या सराव चाचणीला का मान्य नसावं?

दुसरी तक्रार आकृत्यांची आहे, आणि ती गणिताची कमी, झेरॉक्सची जास्त. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ऐंशी प्रश्न. त्यातले चाळीस मानसिक क्षमतेचे, नुसत्या आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, मालिका पुरी करा, आरशातली आकृती, घडी घालून भोकं पाडलेला कागद. निम्मी परीक्षा डोळ्यांची आहे. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यातलं एक आपल्या विदर्भात, अमरावतीला. खेड्यातल्या पोरांसाठी निदान ७५ टक्के जागा राखीव. म्हणजे ही परीक्षा आमच्याच पोरांसाठी आहे, तिचं महत्त्व मला कुणी समजावू नये.

तुमची प्रश्नपत्रिका मात्र व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पीडीएफ म्हणून येते. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पैशातून तिची एक प्रत तालुक्याला काढली जाते, मग तिची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स. करड्या रंगानं भरलेला चौकोन एका प्रतीत काळा होतो, दुसरीत पांढरा. चव्वेचाळिसाव्या प्रश्नात चौकोनाच्या कोपऱ्यातला काळा ठिपका दर आकृतीत एक कोपरा पुढे सरकत होता आणि मधला बाण उलटा फिरत होता. माझ्या मुलीच्या प्रतीत तिसऱ्या आकृतीवर टोनरचा एक डाग पडला होता. तिनं तो डागही मालिकेत धरला. पहिल्या दोन आकृत्यांत डाग नाही, तिसरीत आहे, मग पाचवीत तो कुठं असेल याचा विचार करत बसली. तीन मिनिटं गेली, प्रश्न चुकला. डागाचा नियम तिला अजून सापडलेला नाही.

तिसरी तक्रार क्लृप्ती पुस्तिकेची. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बत्तीस पानं आहेत आणि सगळ्या पानांवर एकच सवाल : पुढची संख्या कोणती, पुढची आकृती कोणती. का, हे एकदाही नाही. दहावी आकृती कशी असेल, शंभरावी कशी असेल, हेही नाही. काड्यांचे चौकोन दिले आहेत : एका चौकोनाला ४ काड्या, शेजारी शेजारी दोन चौकोनांना ७, तिनांना १०, चारांना १३. क्लृप्ती : ‘फरक ३, म्हणून १६.’ संपलं.

आमच्या गुरुजींनी हाच प्रश्न खऱ्या काड्या घेऊन ओट्यावर मांडला आणि विचारलं, शंभर चौकोनांना किती काड्या लागतील? काडेपेट्या तेवढ्या नव्हत्या, म्हणून डोकं चालवणं भाग होतं. एक पोरगा म्हणाला, पहिली काडी उभी करून ठेवून द्या. मग दर चौकोनाला तीनच लागतात. तीनशे अधिक एक. एक पोरगी म्हणाली, नाही, दर चौकोनाला चार धरा, चारशे होतात. पण मधल्या नव्व्याण्णव काड्या आपण दोनदा मोजल्या, त्या काढा. चारशे वजा नव्व्याण्णव. दोघांचेही तीनशे एक. मग दोघं भांडले, कुणाची रीत बरोबर म्हणून. मी त्या दिवशी समितीच्या सभेसाठी गेलो होतो, दारात उभा राहून ऐकत होतो. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत जे सूत्र पोरं डोळे मिटून पाठ करतात, ते इथं पाचवीतली पोरं काड्यांवरून भांडत भांडत काढत होती. परिपत्रकात याला ‘कृती-उपक्रमांत वेळ घालवणे’ म्हटलं आहे.

आणि शेतातलं घ्या. आमच्याकडे सहा तास पऱ्हाटी आणि एक तास तूर अशी पेरणी असते. तुमच्या पुस्तिकेत लाल-लाल-निळा, लाल-लाल-निळा अशी फिरती मालिका आहे, तीच ही. शंभरावं तास कशाचं? सातानं भागा, बाकी दोन. म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून दुसरं, पऱ्हाटीचं. माझा बाप एक दिवसही शाळेत गेला नाही, पण धुऱ्यावरून तासं मोजून तुरीचं बी किती लागेल ते सांगायचा. फिरती मालिका आणि वाढती मालिका या दोन निराळ्या जाती आहेत. एकीत बाकी पाहायची असते, दुसरीत फरक. पुस्तिकेनं दोन्ही एकाच पानावर कालवल्या आहेत, आणि गोंधळलेल्या पोरानं अंदाज मारला की त्याला आपण बुद्धिमत्ता चाचणी म्हणतो.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की दुःख, मला ठरवता येत नाही. शाळेत गणित पेटी आहे. सरकारी आहे, चांगली आहे. ती कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असतं, कारण पेटीतला प्रत्येक ठोकळा जडवस्तू नोंदवहीत चढलेला आहे. एक हरवला की तपासणीत प्रश्न येतो. मागच्या दिवाळीच्या आधी गुरुजींनी हिंमत करून ती उघडली, त्याची हकीकत सांगतो.

आमच्याकडे दिवाळीत बाया ठिपक्यांची रांगोळी काढतात. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर सहा, पाच, चार, आणि खालीही तसेच सहा, पाच, चार. दोन ठिपक्यांच्या मधे एक अशी बसवण. गुरुजींनी पोरींना विचारलं, एकूण ठिपके किती? ३७. मधे पाच असलेली छोटी रांगोळी काढली तर? ३, ४, ५, ४, ३ : १९. मधे तीन असले तर? २, ३, २ : ७. आणि एकच ठिपका? १. फळ्यावर १, ७, १९, ३७ लिहून त्यांनी विचारलं, यात काय दिसतं? फरक सहा, बारा, अठरा. रांगोळीला सहा बाजू आहेत, हे एका पोरीनं लगेच ओळखलं. मग ते म्हणाले, आता यांची बेरीज करत चला. एक. एक आणि सात, आठ. आठ आणि एकोणीस, सत्तावीस. सत्तावीस आणि सदतीस, चौसष्ट. मोठ्या वर्गातल्या एका पोरानं ओरडून सांगितलं, "गुरुजी, हे तं घन हायेत!"

तेव्हा पेटी उघडली. सत्तावीस ठोकळ्यांचा एक मोठा घन रचला, तीन बाय तीन बाय तीन. एका कोपऱ्याकडून पाहिलं तर तीन बाजू दिसतात. दिसणारे ठोकळे पोरांनी मोजले : एकोणीस. ते अलगद उचलून बाजूला केले. आत काय उरलं? दोन बाय दोन बाय दोनचा घन, आठ ठोकळे. त्याच्या कोपऱ्याकडचे सात उचलले. उरला एक. दारातल्या रांगोळीतले ठिपके आणि ठोकळ्यांचा घन एकच निघाले. मी डी.एड. केलं, त्याआधी बारावी विज्ञान केलं, मला हे कुणी दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी एक ठोकळा बाकाखाली गेला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. तो रात्रभर गुरुजींच्या डोक्यात होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आता म्हणाल, खेड्यातल्या शाळेत एवढं कुठं करत बसता. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या नव्या गणित पुस्तकाचा २०२४ मधला पहिलाच धडा आकृतिबंधांचा आहे. त्यात १, २, ३, ५, ८ ही मालिका विरहांक संख्या म्हणून येते. विरहांक आपल्याकडचे, छंदशास्त्राचे अभ्यासक, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचे. इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. पुस्तिकेत ही मालिका ‘मागच्या दोघांची बेरीज, क्लृप्ती क्र. ९’ आहे. आमच्या मॅडमनी ती कवितेच्या तासाला घेतली. ल म्हणजे एक मात्रा, गा म्हणजे दोन. चार मात्रा किती तऱ्हांनी भरतील? लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच. टाळ्या वाजवून पोरांनी पाच मात्रांच्या आठ तऱ्हा काढल्या. मग मॅडमनी विचारलं, शेवटी ल असेल तर मागे किती मात्रा उरतात, गा असेल तर किती? मागच्या दोघांची बेरीज का, हे पोरांनीच सांगितलं. पेटी लागली नाही, काड्या लागल्या नाहीत, सादिलही लागलं नाही.

आणि शाळामास्तरानं स्वतःच्या डोक्यानं काही करू नये असं ज्यांना वाटतं त्यांना देवळालीचे द. रा. कापरेकर आठवावेत. १९३० ते १९६२ ते तिथं शिक्षक होते. गाडीच्या नंबरचे चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्याकडून छोट्याकडे लिहा, छोट्याकडून मोठ्याकडे लिहा, वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि मग कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोचता. जगात त्या संख्येला त्यांचं नाव आहे. एका मराठी मास्तरचं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. यंत्रानं तपासायच्या उत्तरपत्रिकेत ‘का’ लिहायला जागा नसते. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात पंचाहत्तरपैकी पन्नास प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात आणि वेळ दीड तास, तिथं काड्या मांडत बसता येत नाही. सराव हवाच. माझ्या मुलीलाही मी सांगितलं की खऱ्या परीक्षेत १, २, ४ आलं तर बहुतेक वेळा परीक्षकाच्या मनात दुप्पट असते, तेवढं ओळखून लिही. ती म्हणाली, "म्हणजे गणित नाही, साहेबाचं मन ओळखाचं?" यावर मला काही बोलता आलं नाही. पण सराव चाचणी ही खरी परीक्षा नाही. ती आमच्याच गुरुजींनी, आमच्याच वर्गात, लाल पेनानं तपासलेली आहे. तिथं विचारायला वेळ होता, त्यांनी विचारलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मुलाला ज्ञान किती समजलं आणि ते वापरता येतं का याचं सातत्यपूर्ण मूल्यमापन करा म्हणतं. गुरुजींनी दुसरं काय केलं?

तेव्हा मागण्या लिहितो.

गुरुजींकडे मागितलेला खुलासा लेखी मागे घ्यावा आणि त्यांच्या सेवा पुस्तकात त्याची कुठलीही नोंद होऊ नये. ही मागणी पहिली आहे आणि बाकीच्या राहिल्या तरी ही राहू नये.

अडतिसाव्या प्रश्नाला ७ आणि ८ ही दोन्ही उत्तरं बरोबर धरून संपूर्ण तालुक्याचे गुण दुरुस्त करावेत. आमच्या तीन पोरांपुरतं नको. दुसऱ्या शाळांतही कुणीतरी सात लिहिलं असेल आणि त्याला कुणी काऊन म्हणून विचारलंच नसेल.

यापुढे मालिकेच्या प्रश्नात एक तर नियम शब्दांत द्यावा किंवा आकृती द्यावी, म्हणजे संख्या कुठून आल्या ते दिसेल. आणि प्रत्येक सराव चाचणीत निदान एक मालिका अशी असावी की जिचं उत्तर दोन ओळींत लिहायचं, आणि गुण कारणाला मिळायचे.

आकृत्यांचे प्रश्न रेघांच्या जाळीनं भरावेत, करड्या रंगानं नको. पाठवण्याआधी समितीतल्या कुणीतरी झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्वतः सोडवून पाहावी. छपाईचा खर्च शाळेच्या माथी मारू नये.

गणित पेटी वर्गात राहील असं पत्र काढावं, आणि वापरताना ठोकळा हरवला किंवा फुटला तर शिक्षकाला विचारणा होणार नाही असं त्यात स्पष्ट लिहावं.

शेवटचा तास सरावाला ठेवायचा तर ठेवा. पण आठवड्यातले दोन दिवस पुस्तिका बंद ठेवून तो तास शिक्षकांच्या हवाली करा.

गुरुजींनी खुलासा दिला आहे. अर्ध्या पानाचा आहे, त्यात भाकरीचा उल्लेख नाही, बाकी सगळं आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली की समितीतले आम्ही चौघं जण कार्यालयात येऊ. आमचा बाजार बुधवारी असतो, तो दिवस सोडून कोणताही सांगा.

आपला,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

ता. क. चार कापांत अकरा तुकडे मुलीला जमले. पाचव्या कापाला सोळा व्हायला हवेत, तिचे पंधराच होत आहेत. भाकर मोडते म्हणून आता काम कागदावर चालू आहे.